खोडलेली दोन शून्यं

मित्रांनो, भंगार, रिकामी पेटी, काचेचं कपाट, यातलं काहीही मला म्हणू नका. मी एक जुना फ्रीज आहे. आडवा पडलोय, पोटातला कॉम्प्रेसर गेलाय, गार करायची ताकद तर केव्हाच संपली. तरी फ्रीज तो फ्रीजच. आणि माझ्या पोटात एक साप राहतो. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी आत्ताच पाय वर घेतले असतील, ते खाली ठेवा. सापाची भीती घालायला मी बोलत नाहीये. माझा राग आहे तो माणसांच्या शहाणपणावर, आणि आज मी तो मनात ठेवणार नाही.

तसा माझा जन्म चांगल्या घरचा. मोठ्या कारखान्यात पत्रा वाकवला, भिंतींत फोम भरला, पुढे काचेचं दार बसवलं आणि मला उभा केला. ट्रकमधून आलो तो थेट औंढा नागनाथला, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भीमसिंगच्या थंड पेयांच्या दुकानात. पहिल्या दिवशी त्याने मला हार घातला, नारळ फोडला, अगरबत्ती ओवाळली. पुढची अकरा वर्षं साधं ओलं फडकं फिरवलं नाही.

श्रावणातल्या सोमवारी आणि महाशिवरात्रीला तर माझे हाल कुत्रा खात नसे. जागा साठ बाटल्यांची, हा पठ्ठ्या दीडशे कोंबायचा. त्यावर दुधाच्या पिशव्या, बेलाचे वाटे, झेंडूचे हार आणि शेजारच्या हॉटेलातलं दही. फ्रीजमध्ये हवा फिरायला बोटभर फट ठेवावी लागते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. भीमसिंगला कळलं नाही. दार आपटून तो सगळ्यांना सांगायचा, फ्रीज कामाचा राहिला न्हाई, गारच करून नाही राहिला. म्हणजे कोंबणार हा आणि बोल मला!

त्यातही सगळ्यात जास्त शिव्या मी खाल्ल्या त्या ओलीपायी. दाराचं रबर सैल झालं की बाहेरची दमट हवा आत शिरते, काचेवर घाम येतो, तळाशी पाणी साचतं. गिऱ्हाईक नाक मुरडतं, मालक लाथ घालतो. आमच्या जातीत ओल म्हणजे अब्रूचा प्रश्न. काच कोरडी खडखडीत असली की मला वाटायचं, आज आपण मान वर करून उभे आहोत. हे ध्यानात ठेवा, कारण या कथेत मीही काही धुतल्या तांदळाचा नाही.

शेवटी कॉम्प्रेसर बसला. भीमसिंगने मला दुकानामागे उन्हात टाकलं. तीन वर्षं माझ्यात झाडू, फाटकी ताडपत्री आणि एक उंदरीण राहिली. मग वसमतचे जहांगीर मिस्त्री आले. फ्रीज दुरुस्तीत त्यांचे केस पांढरे झालेले. त्यांनी माझं दार उघडझाप करून पाहिलं, भिंतींवर टकटक केलं आणि म्हणाले, याच्या भिंती अजून बराबर आहेत, ऊब धरून ठेवील. आयुष्यभर मी थंडी धरून ठेवली होती. मला वाटलं, मिस्त्रींना उन्हाचा त्रास झाला असावा.

पण ऊब धरणारी पेटी खरोखरच कुणाला तरी हवी होती. ती म्हणजे कुरुंद्याच्या सोनाजीरावांची मुलगी, कोमल. वसमतच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती, शेवटच्या वर्षाला. तिची पुण्यातली मैत्रीण शिवकन्या नोकरीसाठी परदेशी चालली होती आणि तिच्याकडे एक पाळीव साप होता. आपल्या मातीतले नाग, धामण, मांडूळ घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हे आधी पक्कं डोक्यात बसवा. हा साप परदेशी जातीचा, बिनविषारी, माणसाच्या हाताखाली जन्मलेला. आफ्रिकेतल्या छोट्या अजगराची मादी. सरकारदरबारी तिची नोंद होती आणि कोमलने ती रीतसर आपल्या नावावर करून घेतली होती. कागद आधी, साप नंतर, असा तिचा कारभार.

जहांगीर मिस्त्रींनी मला तिच्यासाठी नव्याने घडवला. आधी मला आडवा पाडला. चौदा वर्षं ताठ उभं राहिलेल्याला आडवं पाडतात तेव्हा कसं वाटतं ते तुम्ही विचारूच नका. पण कोमल त्यांना सांगत होती की ही जात झाडावर चढण्यापेक्षा जमिनीवर जास्त हिंडते, तिला उंची नको, लांबी हवी. मग मला पटलं. मिस्त्रींनी माझ्या दोन्ही टोकांना हवेची भोकं पाडली, त्यांना बारीक जाळी ठोकली. एका टोकाखाली गरम होणारी चटई बसवली आणि ती आपोआप बंदचालू व्हावी म्हणून यंत्र जोडलं. त्यामुळे माझ्यात एकीकडे बत्तीस अंश ऊब आणि दुसरीकडे सव्वीस. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. गार वाटलं की तो उबेत सरकतो, गरम झालं की सावलीत. दोन्ही टोकांना अर्धं फोडलेलं एकेक मडकं पालथं ठेवलं, लपायला. गार बाजूला दगडी कुंडीत पाणी. तळाला नारळाच्या काथ्याचा भुगा. दाराला कडी आणि कुलूप. आणि मधोमध एक गोल तबकडी, आतल्या हवेत किती ओल आहे ते दाखवणारी.

मग ती आली. कापडी पिशवीतून बाहेर पडली आणि लाजून अंगाचा गोळा करून बसली, डोकं मधोमध लपवून. कोमलची आई आशाबाई दारातूनच बघत होत्या. घरात साप आणायला त्यांचा सक्त विरोध होता, आठवडाभर लेकीशी धड बोलल्या नव्हत्या. पण त्या गोळ्याकडे पाहून त्यांच्या तोंडून निघालं, बाई, ही तर डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ. तेच नाव पडलं. चुंबळ.

पुढचे सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मानाचे. कोमल रोज सकाळी वही घेऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायची. दोन्ही टोकांची ऊब लिहायची, ओल लिहायची. चुंबळीने खाल्लं का, शी केली का, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो का, तोंडाशी फेस आहे का, कुंडीच्या पाण्यात काळे ठिपके तरंगतात का. ते ठिपके म्हणजे अंगावरच्या पिसवांसारखे किडे. दर रविवारी तिला बादलीत ठेवून वजन. एक किलो चारशे ऐंशी ग्रॅम. पंधरा दिवसांनी एकदा जेवण, गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सोडून मऊ केलेला. तो आपल्या फ्रीजमध्ये ठेवला तर उंदरासकट तुला अंगणात काढीन, असं आशाबाईंनी सांगून टाकलं होतं. म्हणून मिस्त्रींनी गोठ्याशेजारी एक छोटा जुना फ्रीजर लावून दिला. अकरा वर्षं मला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, तू बरा आहेस का. इथे एका सापासाठी का होईना, रोज सकाळी माझी नाडी तपासली जात होती.

गावाचा त्रास मात्र होताच. बाया नागोबा समजून कुंकवाची कुयरी घेऊन पूजेला यायच्या आणि माझ्या काचेवर बोटं उमटवून जायच्या. पोरं काचेवर टिचक्या मारायची, मोबाईल काचेला भिडवायची. एक गृहस्थ तर म्हणाले, याला शेळी लागत आसंल. दीड किलोच्या सापाला शेळी! डोक्यात तिडीक जायची, पण बोलणार कसा? कोमल सगळ्यांना शांतपणे समजावून लांब बसवायची. मीच आतल्या आत धुमसायचो.

आता मुख्य माणसाकडे येतो. सोनाजीराव, कोमलचे आबा. मनाने वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक ठरवाल आणि मोकळे व्हाल. हळद पिकवण्यात आणि विशेषतः वाळवण्यात त्यांचा हात धरणारा कुरुंद्यात कोणी नाही. हळद काढायची, शिजवायची, उन्हात पसरायची. ओल राहिली की गाभा काळा पडतो, बुरशी धरते, वर्षाची मेहनत मातीत. सोनाजीराव वाळलेलं कांडं दोन बोटांत मोडतात, त्याचा आवाज ऐकतात आणि सांगतात, अजून दोन ऊन लागतंय. बाजारातल्या ओल मोजायच्या यंत्राआधी लोक त्यांच्या कानावर विश्वास ठेवतात. अशा माणसाला आपलं कधी चुकतं हे ठाऊकच नसतं.

मार्च महिना होता. अंगणभर हळद पसरलेली, हवा कोरडी ठणठणीत. कोमलची परीक्षा नांदेडला, म्हणून ती बारा दिवस मावशीकडे राहायला निघाली. जाताना तिने आशाबाईंना सगळं दाखवलं. पाणी रोज बदलायचं, आणि ही फवारणीची बाटली, सकाळ संध्याकाळ काथ्यावर मारायची. आई विसरू नये म्हणून तिने एक कागद लिहून माझ्या काचेवर चिकटवला. ऊब किती, पाणी केव्हा, आणि त्याखाली ठळक अक्षरात: ओल ६० ते ७०.

पहिल्याच दिवशी दुपारी सोनाजीराव पाणी प्यायला घरात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. आजवर त्यांनी त्या तबकडीकडे पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर काटा पासष्टवर. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. हळदीत दहाच्या वर काटा गेला की ज्याला झोप लागत नाही, त्याच्या घरात, त्याच्या लेकीच्या जनावराच्या खोक्यात पासष्ट टक्के ओल! त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. आणि मग हळूच हसले. आशाबाईंना म्हणाले, "पोरीनं घाईत शून्य जास्ती टाकलंय. सहा ते सात म्हणायचं आसंल तिला."

आशाबाई म्हणाल्या, तिने मला बराबर साठ सांगितलंय. सोनाजीराव म्हणाले, ओलीतलं तुला काय कळतंय. खिशातला पेन काढला आणि माझ्याच काचेवर टेकवून दोन्ही शून्यं खोडली. ओल ६ ते ७.

मित्रांनो, तो पेन मला टोचला. आणि तरी खरं सांगतो, त्या वेळी मला बरं वाटलं. मी आयुष्यभर ओलीपायी लाथा खाल्ल्या होत्या. कोणीतरी शेवटी माझ्या बाजूने बोललं असं वाटलं. याची लाज मला आजही वाटते.

त्यांनी काथ्याचा सगळा भुगा काढून अंगणात टाकला. तळाला कोरडं, उन्हात तापवलेलं गोणपाट अंथरलं, हळदीखाली अंथरतात तसं. कुंडी बाहेर काढली. दिवसातून एक तास पाणी, बस झालं. फवारणीची बाटली माळ्यावर. माझ्या जाळीपुढे टेबलफॅन लावला. दोन दिवसांत काटा वीसवर आला. सोनाजीराव दर दुपारी येऊन पाहायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे, अजून सहावर का येत नाही म्हणून. माझी काच मात्र लखलखीत झाली होती. मी फुशारलो होतो.

तिसऱ्या दिवशी चुंबळीचा रंग मळकट झाला, पोटाखाली गुलाबी झाक आली. पाचव्या दिवशी तिचे दोन्ही डोळे दुधाळ झाले, निळसर पांढरे. आता नीट ऐका. साप कात टाकायचा असला की त्याचे डोळे असेच होतात. सापाला पापणी नसते. डोळ्यावर काचेसारखी एक कातडी असते, आणि कात टाकताना तीही बदलते. जुन्या नव्या कातडीमध्ये पाझर सुटतो म्हणून डोळा धुरकट दिसतो. आजार नाही काही नाही. एवढ्या दिवसांत त्याला कुणी हात लावायचा नसतो आणि भरपूर ओल द्यायची असते, म्हणजे जुनी कातडी भिजून मोज्यासारखी सरकन निघते. हे सगळं कोमलच्या वहीत लिहिलेलं होतं. वही माझ्या डोक्यावरच होती. सोनाजीरावांनी ती उघडली नाही.

त्यांनी शेजारच्या दगडोबांना बोलावलं. बैलांच्या दुखण्यात दगडोबांचा शब्द शेवटचा. काचेला नाक लावून त्यांनी सांगितलं, डोळ्यात फूल पडलंय. बैलाच्या बुबुळावर पांढरं आलं की ते फूल, आणि त्यावर त्यांचे शंभर उपाय. पण आधी दोनचार दिवस बघू म्हणाले. आशाबाईंनी लेकीला फोन करू का विचारलं. सोनाजीरावांनी मना केलं, परीक्षेत पोरीच्या डोक्याला तकलीफ नको. रोज संध्याकाळी कोमलचा फोन यायचा, चुंबळ कशी आहे? बराबर आहे, तू अभ्यास कर. रोज हेच. मी पत्र्याचा आहे म्हणून गप्प बसलो. आशाबाईंना तर तोंड होतं. त्यांनीही खरं न सांगता फोन खाली ठेवला, याचा मला त्यांच्यावरही राग आहे.

आठव्या दिवशी डोळे पुन्हा काळे झाले. ते होतच असतात. कात निघण्याआधी डोळा निवळतो. पण सोनाजीरावांना वाटलं, आपल्या कोरडेपणानेच गुण आला. दगडोबांना बोलावून दाखवलं, दोघांनी माझ्यासमोर बसून चहा घेतला. ओल गेली की दुखणं गेलं, हे त्यांच्या मनात तिथे पक्कं बसलं.

दहाव्या दिवशी कात सुटायला लागली, आणि सुटली कशी, तर चिंध्या चिंध्या. कोरडी कातडी अंगाला चिकटून बसली होती. चुंबळ गोणपाटावर तोंड घासायची, मडक्याच्या कडेला घासायची, माझ्या कोपऱ्यात डोकं खुपसायची. पाणी शोधायला ती कुंडीच्या जागेवर गेली आणि कितीतरी वेळ तिथेच जीभ बाहेर काढत राहिली. त्या दिवशी माझा फुशारपणा उतरला. जी कोरडी काच मी मिरवत होतो तिच्याआड एक जीव आपल्याच कातडीत अडकला होता. अंगावरच्या चिंध्या लोंबत होत्या आणि दोन्ही डोळ्यांवर जुनी कातडी सुरकुतून तशीच बसली होती.

दगडोबा म्हणाले, आता पापुद्रा आलाय, हाच फुलाचा पापुद्रा. नखानं काढला की डोळा साफ. सोनाजीरावांनी कुलूप काढलं. तिला मानेमागे धरून बाहेर घेतलं आणि दगडोबांनी अंगठ्याचं नख तिच्या डाव्या डोळ्यावर टेकवलं.

मला किंचाळता आलं असतं तर कुरुंदा गोळा केला असता. ती कातडी नुसती चिकटलेली नव्हती, खालच्या नव्या कातडीत रुतली होती. ओढली तशी खालचीही सोबत आली. चुंबळीने सगळं अंग पिळलं, सोनाजीरावांच्या मनगटाला वेढा घातला. चावली मात्र नाही. दगडोबा उजव्या डोळ्याकडे वळले आणि तेवढ्यात आशाबाई स्वयंपाकघरातून आल्या. ज्या बाईने सहा महिन्यांत सापाला बोट लावलं नव्हतं, तिने दोन्ही हात घालून चुंबळीचं डोकं ओंजळीत झाकलं.

"हात काढा," त्या म्हणाल्या. "ती हळद न्हाई, अन् बैलबी न्हाई."

सोनाजीरावांनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण आशाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी चुंबळीला माझ्यात ठेवलं, कुंडी भरून ठेवली, स्वतःचं एक सुती लुगडं भिजवून पिळून आत घातलं आणि लेकीला फोन लावला. मी त्यांना तिथे अर्धी माफी दिली.

कोमल दुसऱ्या दिवशीच शेवटचा पेपर देऊन आली. तिने वही काढली, दहा दिवसांची पानं कोरी. मग काचेवरचा कागद पाहिला.

"आबा, ही शून्यं कोणी खोडली?"

सोनाजीराव हळदीच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "पुसट झाली असतील."

पेनाच्या जाड आडव्या रेघा, आणि म्हणे पुसट झाली असतील! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. मला दोन्ही नाहीत, पण आग गेली. कोमलने चुंबळीला पिशवीत घेतलं आणि परभणी गाठली. तिथे डॉक्टर धम्मानंद पक्षी, कासवं, साप असल्या जिवांवर इलाज करतात. ओलसर कापडात एक दिवस ठेवल्यावर उजव्या डोळ्यावरची कातडी अलगद सुटली. डावा डोळा मात्र आत जखमी होता, पू धरलेला. औषध दिवसातून तीनदा घालायचं, सलग दीड महिना. डॉक्टरांनी कोमलला स्पष्ट सांगितलं, या डोळ्याचं काय उरलंय ते पुढच्या कातीला कळेल, त्याआधी मला विचारू नकोस.

ते दोन महिने या घरात कोणी मोठ्याने हसलं नाही. कोमल औषध घालायची, वही भरायची. आबांशी बोलायची नाही. काही सांगायचं झालं तर आईमार्फत. सोनाजीराव ताटावर बसून विचारायचे, खाल्लं का तिनं? आशाबाई लेकीकडे बघायच्या, लेक भिंतीकडे. दगडोबा दोनदा येऊन गेले आणि दोन्ही वेळा म्हणाले, बैलाला तर गुण आला असता. मला वाटलं, दार उघडून त्यांच्या अंगावर पडावं.

एक गोष्ट मात्र मी पाहिली. घर रिकामं असलं की सोनाजीराव माझ्यासमोर येऊन उकिडवे बसायचे. फवारणीची बाटली घ्यायचे, काथ्यावर दोनदा मारायचे, तबकडीकडे बघत बसायचे. पासष्टवर काटा आला की उठायचे. ज्या हातांनी आयुष्यभर वाळवलं ते हात आता ओल देत होते, आणि काचेवर घाम आला तरी मला लाज वाटत नव्हती. पण हे ते कोणाला दिसू द्यायचे नाहीत. आतल्या आत सगळं कबूल आणि तोंडाने एक शब्द नाही, याची मला कीव येत नव्हती, चीडच येत होती.

पुढची कात जूनमध्ये आली. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकसंध, डोळ्यांच्या दोन चकत्यांसकट. कोमलने ती उजेडात धरली आणि पहिल्यांदा तिचे खांदे सैल झाले. मग तिने चुंबळीच्या उजव्या बाजूने बोट हळू नेलं. जीभ बाहेर आली, डोकं वळलं. डाव्या बाजूने नेलं. काही नाही. पुन्हा नेलं, अगदी जवळ. काही नाही. बोट अंगाला लागल्यावर ती दचकली आणि गोळा झाली. डोळा जाग्यावर होता, पण पांढरा, आणि त्यात आता उजेड शिरत नव्हता. कोमल माझ्या काचेला कपाळ टेकून रडली. आवाज न करता, बराच वेळ.

जुलैमध्ये हट्ट्याहून सोयरे आले. पाचसहा पुरुष, सोनाजीरावांच्या हळदीची आणि कानाची तारीफ करत बसलेले. चहा झाला, साप बघायची टूम निघाली. त्यातले वयाने थोर गृहस्थ उठले आणि चुंबळीच्या डाव्या अंगाने माझ्या काचेवर वाकले. सोनाजीराव बसल्या जागेवरून उठले आणि त्यांच्या आडवे गेले.

"तिकून न्हाई, इकून या," ते म्हणाले. "तिकडच्या डोळ्यानं तिला दिसत न्हाई. दचकते."

पाहुण्यांनी विचारलं, काहून? जन्मापासून हाय का?

स्वयंपाकघरात कपबशा विसळायचा आवाज थांबला. दगडोबाही बैठकीत होते. त्यांनी मान खाली घातली. शून्यं पुसट झाली म्हणाले होते तसंच, जन्मापासून हाय म्हणून सुटायला आत्ताही जागा होती. पाहुणे, सोयरे, चार माणसांत मान. मी वाट बघत होतो.

"न्हाई," सोनाजीराव म्हणाले. "पोरीनं लिहून ठेवलं होतं. मी शून्यं खोडली. डोळा मी घालवला."

कोमल दारात उभी होती. ती पुढे आली, आबांच्या हातातला रिकामा कप घेतला आणि विचारलं, "आबा, आणखी अर्धा देऊ का?" चार महिन्यांत थेट त्यांना विचारलेलं ते पहिलं वाक्य. सोनाजीरावांनी मान डोलावली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. चुंबळीला डोळा परत मिळाला नाही. सोनाजीराव वाईट नव्हते, दगडोबाही नव्हते. त्यांना जे येत होतं ते त्यांनी मनापासून केलं, आणि त्यातच एका मुक्या जिवाचा डोळा गेला. म्हणून सांगतो, जीव घरात आणण्याआधी त्याला काय लागतं ते विचारा. ज्याला ठाऊक आहे त्याने लिहून ठेवलं असेल, तर ते आपल्या कामाच्या मापाने मोजू नका. आणि चुकलात तर चार महिने लावू नका. त्याच दिवशी, त्याच माणसापुढे, मी केलं म्हणा. चुंबळ अजून वीस वर्षं जगेल असं डॉक्टर म्हणतात, आणि ती वीस वर्षं तिला एकाच डोळ्याने काढायची आहेत.